पत्र्याच्या पाठीवर

फटीतून बोट दिसलं, तेव्हा डॉक्टरीण श्वास घ्यायचंच विसरली.

खरं तर ती डॉक्टर नव्हती. संग्रहालयातली जुनी चित्रं दुरुस्त करायचं काम तिच्याकडे होतं. अंगात पांढरा कोट, कपाळावर भिंगाचा पट्टा, आणि टेबलावर कायम कुणी ना कुणी आजारी पडलेलं. त्यामुळे पहारेकऱ्यांपासून संचालकबाईंपर्यंत सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. आत्ता टेबलावर होतं ते चित्र कापडावरचं नव्हतं, तांब्याच्या पत्र्यावरचं होतं. चहाच्या ट्रेएवढा पत्रा. त्यावर अंधाऱ्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई, आणि मेणबत्तीपुढे आडवा धरलेला तिचा हात. ज्योत दिसत नाही. बोटांच्या कडांमधून तांबूस उजेड पाझरतो आणि बाळाच्या गालावर पडतो. बरोक काळातलं, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासचं, युरोपातलं काम. काढणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. उजेडाचा असाच खेळ आणखी चारपाच चित्रांत सापडतो, म्हणून जाणकार त्याला नुसतं ‘मेणबत्तीवाला’ म्हणत.

त्या काळी असे पत्रे जहाजात घालून आशियातल्या बंदरांकडे पाठवायचे. लांबच्या प्रवासात कापड सैल पडतं, कुजतं, तांबं टिकतं. हा पत्राही तसाच गेला होता, आणि पुढे केव्हातरी परत आला होता. मधल्या काळात त्याचं काय झालं हे कुणाला सांगता येत नव्हतं. एवढंच दिसत होतं की कुणीतरी त्याच्या पाठीला जाड लाकडी फळी सरसाने चिकटवून टाकली होती.

इतकी वर्षं ती फळी गुमान राहिली. मग ‘दोन किनारे’ नावाच्या प्रदर्शनासाठी दुसऱ्या एका संग्रहालयाने हे चित्र उसनं दिलं. नव्या दालनातला एसी हवा कोरडी करत होता. फळी आकसू लागली आणि पत्र्याला सोबत ओढू लागली. पत्र्याचं पोट पुढे आलं. रंग ताणले गेले, चिरले, आणि चिरांच्या कडा सुकलेल्या चिखलासारख्या वर उठायला लागल्या. आधी आईच्या खांद्यावर, मग बाळाच्या गालावर. एका सकाळी काचेच्या पेटीच्या तळाशी रंगाची एक बारीक टिकली पडलेली सापडली.

चित्र परत दमट हवेत ठेवून पाहिलं. फळी ढिम्म हलली नाही. आता ती काढायलाच हवी होती; चित्राच्या मालकांनीही तशी परवानगी दिली होती. काढण्याआधी, फळीला मधोमध पडलेल्या फटीतून तिने दोऱ्याएवढा कॅमेरा आत सोडला. सरस किती जुना आहे, कुठे सुटलाय, एवढंच तिला बघायचं होतं. पडद्यावर फाटका, तपकिरी कागद दिसला. कागदाच्या फाटलेल्या कडेपलीकडे तांबडा रंग. आणि त्या तांबड्यात एक बोट, नखासकट.

पत्र्याच्या पाठीवरही चित्र होतं.

* * *

संचालकबाईंनी पडद्यावरचं बोट बराच वेळ पाहिलं. त्या हुशार होत्या आणि उतावळ्या होत्या. एरवी या दोन्ही गोष्टींचा संग्रहालयाला फायदाच व्हायचा.

“एक्स-रे काढा,” त्या म्हणाल्या.

“काढला. तांब्यातून काही दिसत नाही.”

“मग रस्ते काय आहेत?”

“दोन. फळीला आडवे काप घालायचे आणि पटाशीने तुकडे उडवायचे. एका दिवसाचं काम. ताण लगेच उतरेल, पुढचं चित्र वाचेल. पण पाठीवर जे आहे ते लाकडाबरोबर निघून येईल.”

“आणि दुसरा?”

“रंध्याने फळी उतरवत जायची. केसाएवढी, मग आणखी केसाएवढी. कागदापर्यंत आलो की सरस ओला करून कागद सोडवायचा. पाठही वाचेल. पण तेवढा वेळ फळी पत्र्याला ओढतच राहणार. मध्येच ती कशी वागेल हे सांगता येत नाही.”

संचालकबाईंनी चष्मा काढला. “पुढचं चित्र लोक ओळखतात. त्याच्यासाठी येणार आहेत. मागे काय आहे ते देवाला ठाऊक. मला पुढचं सहीसलामत हवंय. एवढं सांभाळून दुसरं जमत असेल तर करा.”

“माझ्या एकटीने नाही जमणार. लाकडाचा माणूस लागेल.”

“आहे कुणी?”

“एकच आहे. माझा भाऊ.”

“मग तर सोपंच आहे.”

“सोपं नाही,” डॉक्टरीण म्हणाली.

* * *

या संग्रहालयात तिच्या आधी तिचे बाबा हेच काम करत. दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. मुलीने रंग उचलले, मुलाने लाकूड. बाबांच्या उतारवयात त्यांचा हात थरथरायला लागला. ते दिसू नये म्हणून ते मनगट टेबलाला टेकवून काम करायचे. एक दिवस पातं घसरलं आणि एका निसर्गचित्राच्या आभाळावर ओरखडा गेला. बाबांनी तो त्याच दिवशी रंगाने भरला आणि मुलीला म्हणाले, “कुणाला बोलू नकोस.”

ती बोलली. तेव्हाच्या संचालकांना जाऊन सांगितलं. बाबांना सन्मानाने, हारतुरे देऊन घरी बसवलं गेलं. त्यांनी हाय खाल्ली. वर्ष उलटायच्या आत गेले. धाकटा भाऊ तेव्हा तिला एकच वाक्य बोलला होता: “तू चित्र वाचवलंस.” त्यानंतर अबोला. एकाच शहरात राहून दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं भेटली नाहीत. बरंवाईट कळायचं ते भावजयीकडून, फोनवर, तेही तो घरात नसताना.

त्याचं चौकटींचं दुकान पुलापलीकडच्या गल्लीत होतं. ती आत शिरली तेव्हा तो एका चौकटीचा कोपरा जुळवत होता. त्याने मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा कोपऱ्याकडे बघितलं. केस पांढरे झाले होते. कानामागे पेन्सिल खोचायची सवय तीच होती.

“बस,” म्हणाला. बसायला कुठे जागा नव्हती.

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळेना. हात चालूच होते. तिचं बोलून झालं तेव्हा त्याने विचारलं, “फळी कसली आहे?”

“ओक असावं. एकसंध. एक गाठ आहे.”

“गाठ कुठे?”

“खालच्या बाजूला, डावीकडे.”

त्याने हातोडी खाली ठेवली. “आणि चित्राला काही झालं तर? कुणाचं नाव सांगशील?”

“जे होईल ते सांगेन.”

“ते माहीतच आहे मला.”

तिने पिशवीतून फोटो काढून त्याच्यापुढे ठेवला. फटीतलं बोट. त्याने तो उजेडाकडे धरला, मग उलटा करून, मग पुन्हा सुलटा.

“कुणाचं आहे हे?”

“ठाऊक नाही. पण युरोपातल्या माणसाने काढलेलं दिसत नाही. नखाची कड बघ. एका केसाच्या कुंचल्याने काढल्यासारखी आहे.”

तो फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, “उद्या येतो. चित्रासाठी येतोय. तुझ्यासाठी नाही.”

“चालेल,” ती म्हणाली.

* * *

चित्राच्या पुढच्या बाजूवर तिने पातळ जपानी कागद सौम्य डिंकाने चिकटवला, म्हणजे सुटू पाहणारे रंग जागच्या जागी राहतील. मग पत्रा पालथा घातला. खाली मऊ गादीची चौकट होती, मधोमध मोकळी. चौकट टेबलात कापलेल्या मोकळ्या जागेवर, आणि टेबलाखाली तिरका आरसा. पत्रा पालथा असला तरी त्या पारदर्शक कागदातून चित्राचा चेहरा आरशात दिसायचा. कुणीतरी खाली बसून तो सतत बघायला हवा होता. कुणी म्हणजे तीच.

अशी विभागणी झाली: धाकटा वर, रंधा घेऊन, ती खाली, बुटक्या स्टुलावर, हातात टॉर्च. तिला त्याचे फक्त पाय दिसत होते. त्याला ती अजिबात दिसत नव्हती.

“आपण बोलायचं ठेवलं नाही म्हणून काय झालं,” तो वरून म्हणाला, “आता बोलावंच लागणार.”

“दोनच शब्द,” ती खालून म्हणाली. “मी ‘चल’ म्हटलं की चल. ‘थांब’ म्हटलं की थांब.”

“लहानपणापासून तेच ऐकतोय.”

संग्रहालयाचा फोटोवाला कोपऱ्यात तिवई लावून उभा होता. तो हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

रंधा सुरू झाला. आवाज अगदी हलका, कुणी रेशीम फाडावं तसा. ढलप्या इतक्या पातळ निघत होत्या की त्या खाली पडायला वेळ लावत. ती आरशात आईचा खांदा बघत होती, मग हात, मग बाळाचा गाल, पुन्हा खांदा. पापणी लवली तरी तिला चुकल्यासारखं वाटायचं.

“चल… चल… थांब.”

खांद्याजवळची एक चीर हलली होती. तिने श्वास रोखून बघितलं. चीर रुंद झाली नाही, उलट मिटली.

“चल. बरं वाटतंय तिला.”

“कुणाला?”

“चित्राला.”

तो वर काहीतरी पुटपुटला. बाबाही असंच बोलायचे, हे दोघांच्याही मनात आलं असणार. 

दुपार होईपर्यंत फळी निम्म्याहून पातळ झाली. खांद्यावरच्या चिरा बसल्या. त्याने मधून मधून रंध्याचं पातं घासून घेतलं, तिने डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले. पाणी पिताना दोघं एकाच बाकावर बसली, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

“गाठीपाशी आलोय,” तो म्हणाला. “तिच्याभोवती लाकडाची रेषा फिरलीय. इथे लाकूड कुठे जाईल त्याचा नेम नाही. आजचा दिवस ठेवू तशीच. रात्रभर ओल्या फडक्याखाली राहू दे, नरम पडेल. मग बघू.”

“ठीक आहे,” ती म्हणाली, आणि ती पुन्हा खाली बसली, केवळ एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून.

आरशात बाळाचा गाल फुगलेला होता.

आधी तिला टॉर्चची सावली वाटली. तिने टॉर्च हलवला. फुगवटा हलला नाही. बाकीची फळी पातळ झाली होती, ताण सोडून बसली होती. जाड राहिली होती ती फक्त गाठ. म्हणजे सगळा ओढा आता त्या एका ठिकाणी आला होता, आणि त्याच्या नेमका मागे बाळाचा गाल होता. जपानी कागदाखाली रंगाची खपली वर उठत होती. तिच्या डोळ्यांदेखत कागदाला एक बारीक सुरकुती पडली.

“चल,” ती म्हणाली.

“काय?”

“गाठ उतरव. आत्ता. गाल सुटतोय.”

“ताई, आत्ताच सांगितलं तुला. गाठ कोरडी आहे. उपटून निघेल.”

“गाठ गेली नाही तर गाल जाईल.”

“ओलं फडकं ठेवू, थोडं…”

“तेवढा वेळ नाही. मला दिसतंय.”

“आणि मला हाताला लागतंय. खाली कागद नाहीये इथे, आवाज टणक येतोय. लाकूड थेट रंगाला चिकटलंय. थांब म्हणतोय मी.”

तो पहिल्यांदाच ‘थांब’ म्हणाला होता. तिने आरशात पाहिलं. सुरकुती लांबली होती. बाळाचा तो गाल, ज्यासाठी लोक दूरदूरहून यायचे. आणि मागच्या बाजूला काय होतं? एक बोट. त्यापलीकडे काहीच माहीत नव्हतं.

“चल,” ती म्हणाली.

त्याचे पाय गाठीच्या बाजूला सरकले. मग रंध्याचा आवाज आला, आखूड, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी कडकन आवाज झाला.

आरशात गाल खाली बसला. श्वास सोडल्यासारखा, सावकाश, सपाट. खपली जागेवर होती. तिच्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी वरून त्याचा आवाज आला, अगदी हळू.

“ताई. वर ये.”

* * *

गाठ निघून त्याच्या तळहातावर आली होती. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. तिच्या खालच्या अंगाला रंग चिकटला होता, भुग्याभुग्याचा: थोडा काळा, थोडा गव्हाळ, एक ठिपका पांढरा. पत्र्यावर त्या जागी उघडं तांबं चकाकत होतं.

फोटोवाल्याने कॅमेऱ्यावरचा हात काढून घेतला.

डॉक्टरिणीने एक काचेची बशी आणली. चिमट्याने एकेक कण उचलून तिने बशीत ठेवला. हात स्थिर होता. धाकटा बाजूला उभा होता, रंधा अजून हातातच. कुणी कुणाला दोष दिला नाही. दोघांनाही तो देता आला असता.

उरलेली फळी त्यांनी पुढच्या दिवसांत उतरवली, पुन्हा कुठेही घाई न करता. बाकी सगळीकडे लाकडाखाली कागद होता. ज्याने कुणी फळी चिकटवली, त्याने आधी कागद लावून पाठीवरचं काम झाकलं होतं, म्हणजे त्याला त्याची किंमत कळत होती. तो कागद फक्त मध्ये फटीपाशी आणि गाठीपाशी फाटला होता. ओल्या लेपाखाली सरस विरघळला आणि तिने पात्याच्या टोकाने कागद सोडवायला घेतला. एका कडेने ती, दुसऱ्या कडेने तो.

कागदाखाली हात होते.

एका ओळीत, एकाखाली एक, ज्योतीपुढे आडवा धरलेला तोच हात, पुन्हा पुन्हा काढलेला. पहिला चपटा, नुसता बाह्यरेषेचा; बोटं लांबसडक, सुंदर, पण उजेड कुठेच नाही. दुसऱ्यात बोटांच्या कडांना तांबडं लावलेलं, मेंदी लावल्यासारखं. तिसऱ्यात त्याने सावली घालून पाहिली होती आणि पुसून टाकली होती. पुढे पुढे उजेड बोटांच्या आत शिरत गेला. शेवटच्या हाताकडे बघताना धाकट्याने नकळत स्वतःचा हात ट्यूबलाइटसमोर धरला.

“हा शिकत होता,” तो म्हणाला.

“हो. पुढचं बघून मागे काढत होता. पत्रा उलटसुलट करत असेल.”

हातांशेजारी बाळाचा गाल होता, तीनदा. रंग फासलेला नव्हता; अगदी बारीक ठिपक्यांनी, हजारो ठिपक्यांनी गोलाई आणलेली. आशियातल्या लघुचित्रांमध्ये करतात तशी.

आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, एक आई बसलेली. तीच आई, पण त्याने तिला आपल्या पद्धतीने काढलं होतं. ना मेणबत्ती, ना अंधार. सगळीकडे सारखा, सकाळचा असावा असा उजेड. वस्त्रावरची नक्षी, कानातली कडी, मांडीवरच्या बाळाची चिमुकली मूठ, सगळं स्पष्ट. तिला चेहरा नव्हता. जिथे चेहरा असायला हवा तिथे गाठीएवढं उघडं तांबं होतं.

डॉक्टरिणीने कपाळावरचा भिंगाचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. 

* * *

दुसऱ्या दिवशी तिने चित्र सुलटं केलं आणि पुढचा जपानी कागद सोडवला. गाल शाबूत होता. नेहमीच्या तपासणीसाठी तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, आणि बघता बघता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने धाकट्याला हाक मारली.

“बघ. आईचा गाल आधी बघ. मग बाळाचा.”

त्याने एक डोळा मिटून पाहिलं. “आईचा रंग ओढलेला आहे. कुंचला फिरलाय. बाळाचा…” तो थांबला. “बाळाला ठिपके आहेत.”

“या भिंगाखाली मी बाळाला आजवर घेतलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, सुंदर आहे, मीही म्हणायचे. प्रवासात बाळाच्या तोंडावरचा रंग गेला असणार. तिकडच्या कुणी चित्रकाराला सांगितलं, दुरुस्त कर. त्याला हा उजेड येत नव्हता. तो पाठीवर शिकला, आणि मग पुढे येऊन गाल काढला.”

धाकटा सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात माळी पाइप गुंडाळत होता.

“म्हणजे आपण त्याचंच वाचवायला त्याचंच घालवलं,” तो म्हणाला.

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मग म्हणाली, “आता मला वर जायचंय. संचालकबाईंना सगळं सांगायला. गाठीचंसुद्धा. फोटोवाल्याला मीच गप्प राहायला सांगितलं होतं, सगळं उलगडेपर्यंत.”

“जाऊन ये,” तो म्हणाला.

ती अहवालाचे फोटो गोळा करायला आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा धाकटा जागेवर नव्हता. त्याचा रंधा बाकावर होता, पिशवी होती, तो नव्हता.  ती जिना चढून वर गेली तर संचालकबाईंचं दार उघडं होतं आणि आतून त्याचा आवाज येत होता.

“…रंधा माझ्या हातात होता. गाठ माझ्याकडून निघाली. तिचं नाव कुठे लिहू नका.”

“त्याने थांब म्हटलं होतं,” डॉक्टरीण दारातूनच म्हणाली. “मी चल म्हटलं. दोनदा.”

संचालकबाईंनी एकाकडे पाहिलं, मग दुसरीकडे. “मला आधी कुणीतरी सांगेल का, काय निघालं?”

तिने सगळं सांगितलं. हात, ठिपके, बिनचेहऱ्याची आई. संचालकबाई ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत होता. शेवटी त्यांनी टेबलावरचा प्रदर्शनाचा जाडजूड कॅटलॉग उघडला.

“या गालावर मी दोन पानं लिहिली आहेत,” त्या म्हणाल्या. “मेणबत्तीवाल्याच्या हातचं सर्वांत कोवळं काम. युरोपाच्या बाहेर असा उजेड कुणाला साधला नाही, असंही लिहिलंय.” त्यांनी पान बंद केलं. “तोंडावर पडले म्हणायचं.”

कुणी हसलं नाही, पण खोलीतली हवा थोडी सैल झाली.

“गाठीचं काय?” धाकट्याने विचारलं.

“चित्र आपलं नाही. ज्यांचं आहे त्यांना आजच कळवावं लागेल. दोघांची नावं जातील. तुम्ही थांब म्हणालात हेही जाईल.” त्या डॉक्टरिणीकडे वळल्या. “आणि तुम्ही चल का म्हणालात, ते तुमच्या शब्दांत लिहून द्या. सोपं करून लिहू नका.”

“सोपं करून नाही लिहिणार,” ती म्हणाली.

* * *

ती दोघं जिना उतरून मागच्या अंगणात आली. तो पायरीवर बसला. ती उभीच राहिली.

“बाबांनी तो ओरखडा कसा भरला होता?” त्याने एकदम विचारलं.

तिला वाटलं होतं तो हे कधीच विचारणार नाही. “फार छान. मलाही शोधावा लागला.”

“मग कशाला सांगितलंस?”

“कारण पुढच्या वेळी त्यांच्या पात्याखाली कुठलं चित्र असेल, सांगता येत नव्हतं. आणि ते आपण होऊन थांबणारे नव्हते.”

“आज पुन्हा तशी वेळ आली तर?”

“पुन्हा सांगेन.”

त्याने मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. “माझ्याकडे आधी यायचं होतंस. मी त्यांना घरी घेऊन गेलो असतो. माझ्या दुकानात बसवलं असतं. चौकटींना पॉलिश करत बसले असते. हात थरथरला तरी पॉलिशचं काही बिघडत नाही.”

हे तिला कधी सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या वेळा ती गोष्ट मनात घोळवून, एकदाही नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

“हो,” ती म्हणाली. “ते चुकलं माझं.”

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि बोटांत फिरवत राहिला. डोळे तिच्याकडे नव्हते. “भूक लागलीय,” थोड्या वेळाने म्हणाला. संग्रहालयाच्या कँटीनमध्ये दोघांनी जेवण केलं. फार बोलली नाहीत. त्याने तिच्या ताटातलं लोणचं न विचारता उचललं.

चित्राच्या मालकांनी कडक शब्दांत उत्तर पाठवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत डॉक्टरिणीने बाहेरून आलेल्या कुठल्याही चित्राला हात लावायचा नाही, असं ठरलं. ती आपल्याच संग्रहालयातल्या, फारसं कुणी न बघणाऱ्या चित्रांवर काम करत राहिली. फावल्या वेळात बशीतले कण भिंगाखाली जुळवत बसायची. पुष्कळ खटाटोपानंतर एक भुवई जमली आणि नाकाची कड. डोळे जमले नाहीत. जमलेलं तेवढं मूळ जागी बसवायची परवानगी तिला मिळाली, आणि बाकीचं तांबं तसंच उघडं ठेवायचं ठरलं. रंगाने भरून टाका, असं एका पाहुण्या तज्ज्ञाने सुचवलं होतं. तिने आणि संचालकबाईंनी एकाच वेळी नको म्हटलं.

प्रदर्शन थोडं उशिरा उघडलं. कॅटलॉगमध्ये संचालकबाईंनी आपली दोन पानं तशीच ठेवली आणि तिसरं जोडलं: आधीच्या दोन पानांत काय चुकलं ते. पत्रा दालनाच्या मधोमध उभा केला, दोन्ही बाजूंना काच. त्याची चौकट धाकट्याने केली, अगदी बारीक, कुठलाच हात झाकला जाणार नाही अशी.

उद्घाटनाला तो आला नाही. त्याला गर्दी सोसत नाही. पुढच्या आठवड्यात, दालन बरंचसं रिकामं असताना, बायकोला घेऊन आला. भावजय पुढच्या बाजूला थांबली, मेणबत्तीच्या उजेडापाशी. तो सरळ मागे गेला. डॉक्टरीण तिथेच होती. दोघं काचेसमोर उभी राहिली. एक बाई आपल्या लहान मुलीला उचलून हात मोजायला लावत होती.

“मला आता सवय झालीय तिची,” तो हळूच म्हणाला. “चेहरा नसल्याची.”

“मला नाही झाली.”

“होऊही देऊ नकोस.” मग म्हणाला, “रविवारी घरी ये. पोरं मोठी झालीत, ओळखणार नाहीस.”

“येते,” ती म्हणाली.